दोन छायाचित्रे

युद्धाचा इतिहास म्हटला की विजयी सेना आणि फडकणारे ध्वज डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु युद्धाची खरी किंमत जाणावयाची असेल, तर युद्ध संपल्यानंतरची छायाचित्रे पाहावीत, असे मला वाटते.

दि. २ मे १९४५ रोजी बर्लिन शहर सोव्हिएत सेनेच्या हाती पडले. तेथील राइशस्टाग या संसदभवनावर लाल ध्वज रोवणाऱ्या सैनिकांचे येवगेनी खाल्देई यांनी घेतलेले छायाचित्र जगभर गाजले. तो प्रसंग मात्र छायाचित्रासाठीच घडवून आणलेला होता. त्यातील धूरही मागाहून वाढविण्यात आला.

आता त्याच इमारतीची १९४६ मधील छायाचित्रे पाहा. भग्न भिंतींसमोर माणसे भाजीपाल्याचे वाफे राखीत आहेत. शेजारच्या टियरगार्टन उद्यानातील वृक्ष सरपणासाठी केव्हाच तोडले गेले आहेत. शहरात इतरत्र स्त्रिया रांगेने उभ्या राहून ढिगाऱ्याच्या बादल्या हातोहात पुढे देत आहेत. कोणी हातोडीने जुन्या विटांचा चुना काढीत आहेत. कारण त्याच विटांनी पुन्हा घरे बांधावयाची आहेत. ज्या राष्ट्राने १९३९ मध्ये युद्ध पेटविले, त्याच्याच राजधानीची ही अवस्था!

अशा चित्रांतही काही मुद्दाम जुळविलेली असतात, हे खरे. म्हणून कोणतेही छायाचित्र पाहताना ते कोणी व कशासाठी घेतले, हे विचारलेच पाहिजे. तथापि ध्वजाच्या चित्राशेजारी वाफ्यांचे चित्र ठेवल्यावाचून युद्धाचा इतिहास पुरा होत नाही. ध्वज क्षणात रोवता येतो; मोडलेले घर उभारावयास वर्षे लागतात.