वारा, सह्याद्री आणि पाण्याचा वाटा

मराठवाड्यात पावसाने ओढ दिली की दोष निसर्गावर टाकून मोकळे होण्याची राज्यकर्त्यांची रीत जुनी आहे. या संकटात निसर्गाचा भाग किती आणि समाजव्यवस्थेचा किती, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

नैर्ऋत्येकडून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीवर चढताना थंड होतात आणि घाटमाथ्यावरच बहुतेक भार रिता करतात. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पर्वत ओलांडून उतरणारे वारे तापून कोरडे होतात. छत्रपती संभाजीनगरच्या वाट्याला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस येतो. हा पाऊसही बऱ्याच अंशी बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर अवलंबून असतो. मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला की पठारावर खंड पडतो. प्रशांत महासागर तापतो त्या एल निनोच्या वर्षी हा धोका वाढतो. १९७२ आणि २०१५ ही तशीच वर्षे होती. २०२३चा ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. उलट २०२५च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यातील उभी पिके बुडाली. वार्षिक सरासरीच्या आकड्यात ही दोन्ही संकटे दडून जातात. पिकाला सरासरी नव्हे, वेळेवरचे पाणी लागते.

खंड सर्वांच्या शेतावर सारखाच पडतो. त्याची झळ मात्र सारखी नसते. विहिरीत पाणी असलेला बागायतदार एक पाळी देऊन कापूस वाचवतो. कोरडवाहू शेतकऱ्याचे पीक करपते. भूमिहीन शेतमजुराची निंदणी-वेचणीची मजुरी बुडते आणि पीकच त्याच्या नावावर नसल्याने नुकसानभरपाईच्या यादीत त्याला स्थान नसते. १९७२च्या दुष्काळातून आकाराला आलेल्या आणि १९७७ साली कायद्यात उतरलेल्या रोजगार हमीचे मर्म हेच होते.

सह्याद्रीवर सांडलेल्या पाण्याचा काही भाग गोदावरी पैठणपर्यंत आणते. १९७६ साली उद्घाटन झालेल्या जायकवाडीचा आधार तोच आहे. खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व २००५च्या कायद्याने मान्य केले. तरीही टंचाईच्या वर्षी वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न आंदोलने आणि न्यायालयांत अडकतो. वरच्यांकडे न्याय मागताना आपल्याच लाभक्षेत्रात उसाला किती आणि ज्वारी-तुरीला किती पाणी मिळते, हाही प्रश्न मराठवाड्याने स्वतःला विचारला पाहिजे.

वाऱ्याची दिशा बदलणे कोणत्याही शासनाच्या हाती नाही. पाण्याचा क्रम ठरवणे निश्चितच आहे. प्रथम पिण्याचे पाणी, मग कोरडवाहू पिकांना संरक्षक पाळी, त्यानंतर ऊस, असा तो क्रम असावा. दुष्काळ ठरवताना पावसाच्या बेरजेइतकेच खंडाच्या दिवसांना वजन असावे, आणि खंड लांबताच मजुरांना काम मिळावे. या मागण्या पावसाळ्यापूर्वीच ग्रामसभांतून ठरावरूपाने पुढे आल्या पाहिजेत. हे काम कार्यकर्त्यांचे आहे.