पोटातली भाऊबंदकी

"डॉक्टर, जुलाब थांबत नाहीत, एखादी स्ट्राँग गोळी द्या." रोज कोणीतरी असे म्हणत येते. चौकशी केली, की दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या आधीच पोटात गेल्याचे कळते.

आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू सुखेनैव नांदतात, पण त्यांच्यातही भाऊबंदकी असतेच. ई. कोलाय जंतूचे काही प्रकार 'कोलिसिन' नावाची विषारी प्रथिने सोडतात. बेल्जियमच्या आंद्रे ग्रातिया यांनी १९२५ साली याचा शोध लावला. हे विष नात्यातल्याच शेजारी जंतूला चिकटते, त्याच्या आवरणाला भोक पाडते किंवा आतला डीएनए तोडते. सोडणाऱ्याच्या सख्ख्या भावंडांजवळ मात्र उतारा असतो. विष बाहेर टाकताना तो जंतू बहुधा स्वतः फुटून मरतो. जागा आणि अन्न भावंडांना मिळते.

अशा झटापटींमुळे आणि जागा आधीच भरलेली असल्याने उपऱ्या रोगजंतूला सहजी थारा मिळत नाही. अँटिबायोटिक मात्र आपला-परका पाहत नाही. राखणदार मेले, की सी. डिफिसाइलसारखे जंतू माजतात आणि औषधानेच जुलाब लागतात.

रुग्णाच्या आग्रहापुढे मान तुकवणारे आम्ही डॉक्टरही यात दोषी आहोत. साध्या जुलाबावर जलसंजीवनी हाच पहिला उपचार. शौचातून रक्त पडले, ताप चढला किंवा लघवी कमी झाली, तर मात्र तडक डॉक्टरांकडे जा. गोळीचा निर्णय त्यांना घेऊ द्या, दुकानदाराला नव्हे.