सगळ्यांनी मत देऊ नये!

ऑगस्ट १९८०. अमेरिकेत डलासला कट्टर ख्रिस्ती पुढाऱ्यांनी हजारोंची सभा भरवली. रेगन आला नि म्हणाला, तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही, ठाऊक आहे. पण मी तुम्हाला देतो! टाळ्याच टाळ्या.

गोऱ्यांचं देवकार्य, आपल्याला काय त्याचं? थांबा. तिथंच पॉल वायरिक हा त्यांचा डोकेबाज उघड बोलून गेला : सगळ्यांनी मत द्यावं असं मला वाटत नाही, मतदार घटले की आपलं वजन वाढतं. नाव कुणाचं घेतलं नाही. गरजच नव्हती. काळ्यांच्या मताला कायद्याचं कवच मिळून उणीपुरी पंधरा वर्षं झाली होती, त्यासाठी सेल्माच्या पुलावर डोकी फुटली होती. त्याच मार्च १९६५ मध्ये जेरी फॉलवेल चर्चमधनं सांगत होता, पाद्र्यानं राजकारणात पडू नये. म्हणजे किंगनं पडू नये! १९७९ ला ह्याच महाराजांनी 'मॉरल मेजॉरिटी' काढली. तेव्हा देवाची हरकत नव्हती वाटतं.

बाबासाहेबांचं 'एक माणूस, एक मूल्य' ह्या मंडळींना का टोचेल ते आता कळतं. नोव्हेंबरात रेगन निवडून आला. मतदानाच्या वयाच्या जवळजवळ निम्म्या माणसांनी मतच टाकलं नव्हतं.