क्लीनरच्या सीटवर कुत्रा

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या मार्केटबाहेर कधी उभे राहिला आहात का? कॅरेटं भरलेले पिकअप आणि ट्रक लायनीत लागलेले असतात. त्यात एखाद्या केबिनमध्ये, क्लीनरच्या सीटवर, खिडकीतून तोंड बाहेर काढून बसलेला गावठी कुत्रा दिसला तर आपण हसतो, मोबाईलवर फोटो काढतो आणि वडापावच्या गाडीकडे वळतो. माझं म्हणणं असं आहे, की ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. ट्रक चालवून पोट भरणाऱ्याला आपलं जनावर सोबत न्यायचं असेल, तर गाडीमालकाने ते नेऊ द्यावं. काही अटींवर, पण नेऊ द्यावं. आता का, ते सांगतो.

पहिली गोष्ट, हे काही नवीन फॅड नाही. आपला जुन्नर भाग म्हणजे मुळातच मालवाहतुकीचा रस्ता. सातवाहनांच्या काळापासून नाणेघाटातून कोकणातला माल वर देशावर यायचा. घाटमाथ्यावरचा तो दगडी रांजण जकातीसाठी होता असं सांगतात. तेव्हा माल बैलांच्या पाठीवर असायचा. पुढे बैलगाड्या आल्या. गाडीवान रस्त्यात मुक्कामाला थांबला, की गाडी सोडायचा, बैलांना वैरण टाकायचा आणि त्यांच्याच शेजारी घोंगडी अंथरायचा. आळेफाट्याजवळच्या आळे गावात तर रेड्याची समाधी आहे! ज्ञानेश्वर माऊलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा पैठणहून परतताना इथं गेला आणि भावंडांनी त्याला समाधी दिली, अशी परंपरा आहे. वाटेतल्या सोबत्याचा एवढा मान ठेवणारा आपला मुलूख.

मग इंजिन आलं. आपण इंजिनिअर लोक त्याचं कौतुक करतो, आणि केलंच पाहिजे. पण एक बघा, बैलाचं काम इंजिनने घेतलं, बैलाची सोबत मात्र कुणीच घेतली नाही. पूर्वी निदान क्लीनर तरी असायचा. आता भाड्यात परवडत नाही म्हणून कितीतरी गाड्या एकट्या ड्रायव्हरवर चालतात. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास कामाची मर्यादा घातली होती. कागदावर! रात्री माल भरायचा, पहाटे वाशी गाठायची, रिकामी गाडी घेऊन परत यायचं, हा खरा टाइमटेबल.

माझे मामा असेच ट्रकवर आहेत. क्लीनर सुटल्यापासून त्यांच्याबरोबर वाघ्या असतो. मी एकदा विचारलं, "मामा, ह्याचा उपयोग काय?" तर म्हणाले, "आरं, गाणी लावली की मला झोप येती. ह्याच्याशी बोललं की येत नाही." शिवाय ढाब्यावर डोळा लागला आणि कुणी डिझेलच्या टाकीजवळ किंवा ताडपत्रीच्या दोरीला हात घातला, तर वाघ्या अख्खा ढाबा उठवतो. पण मामांचं खरं कारण वेगळंच आहे, आणि ते फक्त आपल्याच भागातल्या माणसाला पटकन कळेल. ते म्हणजे बिबट्या.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चार तालुके मिळून जुन्नर वन विभाग होतो. धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला, आणि उसात बिबट्याला बारमाही लपण मिळालं. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहेच. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेडला बिबट्याने माणसं मारली, तेव्हा मंचरला लोकांनी पुणे-नाशिक हायवे अडवला होता. आता हा बिबट्या खातो काय? आपल्या उत्तरेला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून याचा अभ्यास केला. २०१६ साली छापून आलेल्या त्या निबंधानुसार, वजनाच्या हिशेबाने त्याच्या खाण्यातला ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. शेळ्या-मेंढ्यांपेक्षाही जास्त!

याचा सरळ अर्थ काय? वस्तीवर, उसाच्या कडेला, ओट्यावर साखळीने बांधलेला कुत्रा हा राखणदार नसून आमिष आहे. त्याला पळताही येत नाही. आणि ओट्याच्या आत बायको-पोरं झोपलेली असतात. घरचा कर्ता माणूस चार-चार रात्री गाडीवर असेल, तर हा धोका कुणी सांभाळायचा? कुत्रा रात्री बंदिस्त जागेत ठेवता आला तर उत्तमच, वन विभागही तेच सांगतो. पण दोन खोल्यांच्या घरात ते कुठं जमणार? मग मामा त्याला गाडीत घालतात. वाघ्या नावाच्या कुत्र्याला वाघाच्या भीतीने ट्रकवर जावं लागतं, यात विनोद आहे हे मान्य. पण फोटो काढणाऱ्याला यातलं काही माहीत नसतं.

आता दुसरी बाजू. "गाडी म्हणजे काय प्राणिसंग्रहालय आहे का?" असं गाडीमालक म्हणतात, आणि त्यांचं सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही. मोकळा कुत्रा पेडलजवळ गेला तर ब्रेक लागणार नाही. फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी धडकून जागच्या जागी थांबली, तर सीटवरचा मोकळा कुत्रा त्याच वेगाने काचेवर जाईल. म्हणजे साधारण १० मीटरवरून, तीन मजली हॉस्टेलच्या गच्चीवरून खाली पडल्यासारखंच. वाटेत ड्रायव्हरचं डोकं आलं तर विचारूच नका. म्हणून मांडीवर कुत्रा घेऊन गाडी चालवणारे जे हौशी लोक असतात, त्यांना माझा अजिबात पाठिंबा नाही. अटी स्पष्ट असाव्यात. कुत्रा क्लीनरच्याच सीटवर, आणि गळ्याला नाही तर छाती-पाठीला पट्टा घालून सीटबेल्टला अडकवलेला. रेबीजची लस दरवर्षी. पाण्याचं भांडं गाडीत. माल भरलेल्या हौद्यात जनावराला प्रवेश नाही. आणि उन्हात बंद केबिनमध्ये त्याला कोंडून जेवायला जायचं नाही.

या शेवटच्या अटीवर जरा थांबू. बंद केबिन उन्हात भट्टी होते, कुत्र्यासाठी आणि माणसासाठीही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. चांगलंच झालं. पण त्याआधीच्या जुन्या गाड्या रस्त्यावर अजून कितीतरी वर्षं धावणार, आणि साडेतीन टनांच्या आतले आपले पिकअप व छोटा हत्ती तर त्या नियमात बसतच नाहीत. नारायणगाव-मंचरचा किती भाजीपाला त्यांच्यावरच जातो!

अमेरिकेत अनेक ट्रक कंपन्या ड्रायव्हरला अनामत भरून कुत्रा-मांजर सोबत नेऊ देतात. चांगला ड्रायव्हर टिकावा म्हणून. म्हणजे दया नाही, सरळ हिशेब आहे. आपल्याकडे मात्र एका कारखान्याच्या गेटवर वॉचमनने मामांना सांगितलं, "कुत्रा आत चालणार नाही." मामांनी वाघ्याला बाहेर गाडीच्या सावलीत बांधला आणि स्वतःही तिथंच बसले. नंबर यायला दुपार टळली. त्या गेटवर ड्रायव्हरसाठी शेड नव्हती, नळ नव्हता, संडासही नव्हता. मला राग आला तो कुत्र्याला आत घेतलं नाही याचा नाही. नियम असू शकतो. पण जिथं कुत्र्याला सावली नाही, तिथं ड्रायव्हरलाही नसते, हे त्या दिवशी लख्ख दिसलं.

"माणसांचे प्रश्न सुटले नाहीत, तुम्ही कुत्र्याचं काय घेऊन बसलात?" असं विचारणारे मित्र आहेत. त्यांना माझं उत्तर एवढंच. हा माणसाचाच प्रश्न आहे. आपल्याला सुट्टीत गावाकडं जाता येतं, रात्री दोनला रूम पार्टनरला उठवून चहा मागता येतो. रात्री दोनला मामांकडे कोण असतं?

म्हणून दोन सूचना करतो. मेकॅनिकलच्या मित्रांनो आणि सरांनो, फायनल इयरला तेच ते प्रोजेक्ट करण्यापेक्षा जुन्या केबिनसाठी इंजिन बंद असताना चालणारा स्वस्त पंखा किंवा क्लीनरच्या सीटचा हा पट्टा करून बघू या. गिऱ्हाईक इथं हायवेवरच उभं आहे. आणि दुसरी सूचना सगळ्यांनाच. आपल्या मेसचा भाजीपाला, लॅबची यंत्रं, बांधकामाची वाळू ट्रकनेच येते. गेटजवळच्या झाडाखाली एक बाकडं आणि एक नळ बसवायला फार मोठं बजेट लागत नाही. नळाखाली एक पसरट भांडंही ठेवू, म्हणजे गाडीतून दोघं उतरले तरी अडचण नको.