खिशातले रिव्हॉल्वर की हातातली काठी?

सभासद बंधूंनो, रात्री ओलिताला जाताना लहान रिव्हॉल्वर जवळ ठेवावे काय, असे धामणगाव भागातले काही जण आम्हास विचारतात. कानपूरला २०१४ साली निघालेले ‘निर्भीक’ .३२ बोअरचे, वजन सुमारे ५०० ग्रॅम, बाळगायला सोपे. पण नळी आखूड तितका नेम कठीण. सरावाशिवाय ते ओझेच. रानडुकरासाठी तर ते कामाचे नाही. पीकराखणीस १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे. वनखात्याची परवानगी निराळी. जिवाला खरोखरच धोका असेल त्याने रीतसर परवाना काढावा, आधी नेम शिकावा, घरी कुलपात ठेवावे. बाकीच्यांनी बॅटरी, काठी अन् जोडीला माणूस घ्यावा, हेच आमचे मत. अंधारात चुकलेली गोळी शेजारच्या ओलितवाल्यालाच लागायची!