परतीची वाट

बारडोलीतील एखाद्या मराठी घरचा मुलगा चोरीच्या प्रकरणात सापडला, तर आईवडिलांना पहिली धास्ती वाटते तुरुंगाची आणि दुसरी लोकापवादाची.

पहिलीबद्दल आम्ही एवढेच सांगू, की १८ वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवण्यास कायद्याची मनाई आहे. २४ तासांच्या आत त्याला जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. तेथे एक दंडाधिकारी व दोन समाजसेवक असतात. त्यांपैकी एक स्त्री असावीच लागते. जामीन न मिळाल्यास मुलगा चौकशीपुरता निरीक्षणगृहात राहतो, आणि परिवीक्षा अधिकारी त्याच्या घरची परिस्थिती मंडळास कळवितो.

हे आपोआप घडले नाही. तुरुंगांत डांबलेल्या मुलांसाठी शीला बर्से या पत्रकार स्त्रीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९८६ साली न्यायालयाने आदेश दिले. त्याच वर्षी संसदेने बाल न्याय कायदाही केला.

दुसरी धास्ती मात्र कायद्याने जात नाही. २०१५ च्या कायद्यानुसार, काही अतिगंभीर प्रकरणे वगळता, बालपणीच्या दोषामुळे पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही. कायदा विसरावयास तयार आहे. शेजार तयार असतो का? येथे आपली घरे मोजकी, म्हणून कुजबुजही लवकर पसरते. आईवडिलांनी लाजेपोटी मुलाची भेट टाळू नये, आणि आपण त्या घरची पायरी चढणे सोडू नये, अशी आमची विनंती आहे. मुलाला शेवटी परतावयाचे आहे ते आपल्यातच.