दुधाचे माप आहे, चाऱ्याचे कुठे आहे?

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे ‘गौ चिप’ आणि ‘महिष चिप’ यांचे लोकार्पण झाले. डीएनए तपासून कोणते वासरू पुढे चांगले निपजेल, याचा अंदाज त्याच्या लहानपणीच बांधता यावा, हा या चिपचा हेतू. देशातील पशुविज्ञानासाठी ही महत्त्वाची घटना आहे. परंतु ‘चांगले’ कशाला म्हणावे हे चिप ठरवत नाही. ते आपण ठरवतो. आणि आपण ते आजवर प्रामुख्याने लिटरमध्येच ठरवत आलो आहोत.

देशी की संकरित, हा वाद आपल्याकडे अस्मितेच्या अंगाने रंगतो. एक बाजू सरासरी पुढे करते: संकरित गाय दिवसाला सुमारे ८ किलो दूध देते, देशी गाय ३ ते ४ किलो. दुसरी बाजू परंपरा आणि काटकपणा पुढे करते. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र या दोन्ही युक्तिवादांत एक गोष्ट हरवलेली दिसते. कार्यक्षमता हे गुणोत्तर आहे. अंश सर्वांच्या तोंडी आहे. छेदाची, म्हणजे गाईने खाल्लेल्या चाऱ्याची, चर्चा जवळजवळ होतच नाही. दूध उत्पादनाच्या खर्चातील सर्वांत मोठा वाटा मात्र चारा आणि खुराकाचाच असतो.

ढोबळ हिशेब मांडून पाहू. जनावराला नुसते जगण्यासाठी लागणारी ऊर्जा वजनाच्या थेट प्रमाणात वाढत नाही. ती वजनाच्या पाऊण घाताने वाढते. पोषणशास्त्राच्या प्रचलित सूत्राप्रमाणे ४०० किलोच्या संकरित गाईला त्यासाठी रोज सुमारे ७ मेगाकॅलरी लागतात. चार टक्के स्निग्धांशाच्या ८ किलो दुधात ६ मेगाकॅलरी जातात. म्हणजे वापरलेल्या ऊर्जेपैकी ४६ टक्के दुधात उतरली. ३०० किलोच्या देशी गाईची जगण्याची गरज कमी असते. झेबू वंशाच्या गुरांना ती दहा टक्क्यांनी आणखी कमी धरतात. तरीही ती ३ किलोच दूध देत असेल, तर दूध अधिक घट्ट असूनही हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आत राहते. येथवर पहिली बाजू जिंकली असे वाटेल.

आता त्याच सूत्रात ४०० किलोची, साडेचार टक्के स्निग्धांशाचे १० किलो दूध देणारी निवडक गीर गाय घाला. प्रमाण ५५ टक्क्यांच्या पुढे जाते. सरासरी संकरित गाय मागे पडली! म्हणजे निकाल जातीच्या नावावर लागत नाही. शरीराच्या मानाने दूध किती, यावर लागतो. भाकड काळ, पहिल्या वेताचे वय, उन्हाळ्यातील घट आणि गोचीडजन्य आजार हिशेबात धरले, तर दोन्हीकडची उत्तरे पुन्हा बदलतात.

खरी मेख याहून खोल आहे. वरचे सगळे आकडे सूत्रातून आले, गव्हाणीतून नव्हे. सारख्या वजनाच्या, सारखे दूध देणाऱ्या दोन गाई प्रत्यक्षात सारखेच खात नाहीत. हा फरक अंशतः आनुवंशिक असतो आणि तोच शोधण्यासारखा आहे. पण चिप केवळ डीएनएमधील खुणा वाचते. त्या खुणांचा अर्थ लावायला हजारो जनावरांच्या प्रत्यक्ष नोंदी लागतात. आपण फक्त दूध नोंदवले, तर चिप दुधाळ गाय शोधेल; आणि तिच्याबरोबर खादाड गायही निवडली जाईल. चारा विकत घेणाऱ्या दोन गाईंच्या मालकाला ती परवडणार नाही.

नोंदींचे मोल ब्राझीलने दाखवले आहे. आपल्याकडून गेलेल्या गीर गाईवर तेथे १९८५ पासून राष्ट्रीय सुधारणा कार्यक्रम चालू आहे. वंश आपलाच होता. चिकाटीने ठेवलेली वही त्यांची होती.

चाऱ्याची नोंद अशक्य आहे, असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय दुग्ध योजनेच्या पहिल्या टप्प्यातील संतुलित आहार कार्यक्रमात गावातीलच प्रशिक्षित व्यक्ती गोठ्यात जाऊन फितीने छातीचा घेर मोजून वजनाचा अंदाज घेत आणि गाय काय व किती खाते हे टिपत. तेव्हा उद्देश सल्ला देण्याचा होता. तीच पद्धत आता पैदाशीच्या कामाला जोडली पाहिजे. जनावरांच्या कानात १२ अंकी बिल्ला आहेच. संशोधन संस्थांच्या गोठ्यांत रोजच्या रोज अचूक तोलून, आणि निवडक गावांत ठरावीक दिवशी साध्या काट्यावर तोलून, वजन, चारा आणि स्निग्धांश यांची नोंद त्या क्रमांकाखाली जमा व्हावी.

यासाठी लागणारा खर्च चिपच्या तुलनेत आकर्षक दिसणार नाही. फीत आणि तराजू यांचे लोकार्पण होत नाही. तरीही मोजमापाशिवाय प्रगत उपकरण हे केवळ महागडे अनुमान ठरते. देशी श्रेष्ठ की विदेशी, हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवू. एक किलो चाऱ्यामागे, आपल्या उन्हात, आयुष्यभरात किती दूध, एवढेच प्रत्येक गाईला विचारू. उत्तर कोणत्याही जातीच्या बाजूने आले, तरी ते आपल्या शेतकऱ्याच्या बाजूचे असेल.